बैलाने आखलेला रस्ता

शिक्षकांच्या शिबिरात बोलायची वेळ आली, की मी सुरुवातीला एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमची एसटी घाट चढते आहे. त्या वेळी रस्ता आडव्या जमिनीशी किती अंशांचा कोन करत असेल? हात तिरका धरून दाखवा." बहुतेकांचे हात तीस अंशांपर्यंत वर जातात. काही उत्साही मंडळी पंचेचाळीसपर्यंत पोहोचतात. मग मी सांगतो, की चांगल्या आखलेल्या घाटरस्त्याचा चढ जेमतेम तीन अंशांचा असतो. कोनमापकावर तीन अंश पाहिले तर चढ आहे असे म्हणायलाही जीभ धजावत नाही. एकदा महाडकडचे एक सर उठून म्हणाले, "मग आमची गाडी एवढी कण्हते कशाला?"

प्रश्न अगदी योग्य आहे. गाडी का कण्हते ते पुढे हिशेबात येईलच. पण आधी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की घाटात उभा असतो तो डोंगर, रस्ता नव्हे. चाळीस-पन्नास अंशांनी उठलेल्या डोंगराच्या अंगावरून तीन अंशांची वाट काढायची, तर ती सरळ जाऊच शकत नाही. तिला डोंगराला बिलगून जावे लागते, ओढा आला की आत वळावे लागते, सोंड आली की बाहेर यावे लागते आणि जागा संपली की तोंड फिरवून परत यावे लागते. पावसाळ्यात खिडकीची जागा पकडून, हातात भाजलेले कणीस घेऊन आपण ज्या वळणांची मजा घेतो, ती सारी या एका अटीतून जन्मलेली आहेत.

ही तीन अंशांची अट घातली कोणी? माझे उत्तर आहे : बैलाने. त्यासाठी आपल्याला बोरघाटाचा, म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या घाटाचा, इतिहास थोडा चाळावा लागेल.

वाटा होत्या, रस्ते नव्हते

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक लाव्हाचे लोट पसरत गेले आणि थंड झाले. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. त्यांच्यामधले सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून पायऱ्या तयार झाल्या. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले आहे. कोकणातून पाहिले तर सह्याद्री खरोखरच राक्षसी जिन्यासारखा दिसतो. ओढ्यांनी जिथे या जिन्याला खाचा पाडल्या, तिथे माणसांना आणि गुरांना वर जायच्या वाटा मिळाल्या. त्या वाटांना आपण घाट म्हणतो.

या वाटा फार जुन्या आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून त्यातल्या संख्याचिन्हांमुळे गणिताच्या इतिहासातही त्याला मानाचे स्थान आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. मात्र नाणेघाटात गेल्यावर पायांखाली पाहा. तिथे दगडी पायऱ्या आणि फरसबंदी आहे. माणूस, घोडा, गाढव किंवा पाठीवर गोणी घेतलेला बैल तिथून जाऊ शकेल. गाडी मात्र जाऊ शकणार नाही.

पुढची अनेक शतके सह्याद्रीत हेच चालले. कोकणातून मीठ, तांदूळ, नारळ वर जाई. देशावरून धान्य, गूळ, कापूस खाली येई. हा माल वाहून नेत ते वंजारी आणि त्यांचे बैलांचे तांडे. पाठीवर गोणी घेऊन चालणारा एक बैल शंभर-सव्वाशे किलो ओझे नेतो. सपाटीवर दोन बैलांच्या गाडीत आठ क्विंटल माल सहज मावतो, म्हणजे बैलामागे चार क्विंटल. चाक आले की त्याच बैलाचे काम जवळजवळ चौपट होते. मग शेकडो वर्षे घाटात चाक का आले नाही?

एक कारण खर्चाचे, दुसरे राजकारणाचे. अवघड वाट म्हणजे तटबंदीच. राजमाची, लोहगड, विसापूर हे किल्ले बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवून बसले होते. इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस पुण्यावर चालून निघाली, तेव्हा तोफा आणि रसद घेऊन हाच घाट चढताना ती मेटाकुटीला आली. हजारो बैल असूनही चाल गोगलगाईची राहिली. वर मराठ्यांनी तिला घेरले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. पुण्याच्या दृष्टीने बोरघाटाचा वाईट रस्ता हा चांगलाच रस्ता होता!

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे गणित उलटले. आता मुंबईचे बंदर आणि पुण्याची छावणी एकाच सत्तेच्या हाती होती. घाट अडवण्याची गरज संपली, तो मोकळा करण्याची सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीला खुला झाला.

बैलांचा हिशेब

हा रस्ता कसा आखावा लागला असेल, हे आपण वर्गात आकडेमोड करून पाहू शकतो. खालचे आकडे सोयीसाठी घेतलेले, पण वास्तवाला धरून आहेत.

गाडीचे वजन ४०० किलो आणि माल ८०० किलो, मिळून १२०० किलो. लोखंडी धाव असलेले चाक खडीच्या चांगल्या रस्त्यावर फिरते, तेव्हा गाडीला होणारा विरोध तिच्या वजनाच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे ४० किलोग्रॅम-भार. जोडीतला प्रत्येक बैल ४०० किलोचा धरू. बैल तासन् तास चालताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा ओढा देऊ शकतो. जोडीचा ओढा झाला ८० किलोग्रॅम-भार. सपाटीवर ४० लागतात, ८० मिळतात. बैल खुशीत चालतात.

आता चढ घेऊ. चढ २० ला १ असेल, म्हणजे २० मीटर चालल्यावर १ मीटर उंची मिळत असेल, तर वजनाचा विसावा हिस्सा जास्तीचा ओढावा लागतो : ६० किलोग्रॅम-भार. एकूण झाले १००. हे जोडीच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा जास्त आहे, पण थोडे थांबत, दम खात ती हे करू शकते. चढ १० ला १ केला तर १२० अधिक ४०, म्हणजे १६०. इथे दुसरी जोडी जुंपावी लागेल. चढ ५ ला १ केला तर २४० अधिक ४०, म्हणजे २८०. एवढा जोर बैल क्षणभर लावतील, मैलभर नाही. २० ला १ हा चढ तीन अंशांना थोडा कमी भरतो. ५ ला १ हा सव्वाअकरा अंशांचा. तीन आणि अकरा अंशांमधला फरक आपल्या डोळ्यांना किरकोळ वाटतो, बैलाच्या मानेला तो जीवनमरणाचा असतो.

महाडच्या सरांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. सपाटीवर ४० आणि तीन अंशांवर १००. एवढ्याशा चढाने ओढा अडीचपट झाला. रबरी टायर आणि डांबर असेल तर सपाटीवरचा विरोध खूपच कमी असतो. त्यामुळे बसच्या बाबतीत ही पट आणखी वाढते.

उतरताना काय होते? ३० ला १ पेक्षा तीव्र उतार आला की गाडी आपली आपण धावू लागते आणि बैलांना मागून रेटते. २० ला १ उतारावर हा रेटा ६० वजा ४०, म्हणजे २० किलोग्रॅम-भार. ५ ला १ वर तो २४० वजा ४०, म्हणजे २००! दोन क्विंटलचा हा रेटा जू आणि दोरांतून बैलांच्या अंगावर येतो आणि त्यात पाय घसरला की गाडी, माल आणि जनावरे दरीत. चाकाला लाकूड अडकवून किंवा चाकाखाली उटी लावत गाडी उतरवावी लागे. घाटाचा चढ ठरवताना चढणाऱ्या बैलाइतकाच उतरणारा बैलही महत्त्वाचा असतो.

आता एक गंमत पाहा. खोपोलीची उंची साठ-सत्तर मीटर, खंडाळ्याची साधारण साडेपाचशे. ४८० मीटर चढायचे आहेत. ५ ला १ चढाने रस्ता २.४ किलोमीटर होईल, २० ला १ ने ९.६ किलोमीटर. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो, की उतरणीमुळे बल कमी लागते पण कार्य तेवढेच राहते. हे घर्षण नसेल तर खरे. १२०० किलो ४८० मीटर उचलायला दोन्हीकडे ५ लाख ७६ हजार किलोग्रॅम-मीटर कार्य लागेल. पण चाकाच्या विरोधापोटी लहान रस्त्यावर ९६ हजार आणि लांब रस्त्यावर ३ लाख ८४ हजार जास्तीचे लागतील. म्हणजे वळणावळणाच्या रस्त्याने एकूण श्रम जवळजवळ ४३ टक्के अधिक होतात!

मग वळणे घेण्यात शहाणपण काय? शहाणपण असे, की हे श्रम जास्त असले तरी पेलवणारे आहेत. जवळच्या रस्त्याने श्रम कमी, पण ते कोणाला करताच येणार नाहीत. घाटरस्ता ही काटकसर नव्हे, तडजोड आहे.

वळणावर तर या तडजोडीची कसोटीच लागते. केसाच्या पिनेसारख्या वळणावर आतला बैल जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरचा लांबून फिरतो, म्हणून जोडीचा जोर एकत्र लागत नाही. शिवाय तेवढीच उंची कमी अंतरात चढायची असल्याने वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा तीव्र असते. म्हणून असे वळण रुंद आणि जवळजवळ सपाट ठेवावे लागते. घाटातल्या मोठ्या वळणावर अचानक मोकळी जागा दिसते, चहाची टपरी उभी असते, तिथे उतरून आपण दरी पाहतो. ती जागा अशी मोकळी ठेवण्यामागे हा हिशेब आहे.

शिंग्रोबाचा प्रश्न

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. येणारेजाणारे गाडीवान पूर्वी आणि ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकतात. लोक सांगतात, की इंग्रज साहेबांना घाटातून वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती आपल्या गुरांच्या मागे चालत दाखवली आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट रस्त्याची सांगतात, कोणी रेल्वेची.

ही लोककथा आहे, तिला पुरावा म्हणता येत नाही. पण मुलांना ती जरूर सांगावी आणि मग विचारावे, की या कथेत काय खरे असू शकेल? गुरे डोंगर चढताना नाकासमोर चढत नाहीत. ती तिरकी जातात, कमी दमवणारी रेघ शोधतात आणि वर्षानुवर्षे त्याच रेघेवरून जाऊन पायवाट पाडतात. मोजणीची दुर्बीण घेऊन आलेला इंजिनियर जे आकड्यांनी शोधतो, ते जनावराच्या पायांना आधीच कळलेले असते. रस्त्याच्या इतिहासात गव्हर्नराचे नाव राहते. वाट ठाऊक असणाऱ्याचे, खडी फोडणाऱ्याचे आणि पाट्या वाहणाऱ्या बाईचे राहत नाही. शिंग्रोबाचे देऊळ ही त्या राहून गेलेल्या नोंदीची भरपाई असावी, असे मला वाटते.

लोखंडी चाकाचा वेगळा हट्ट

बैलगाडीचा रस्ता झाल्यावर पंचवीस-तीस वर्षांतच आगगाडी घाटाशी आली. रुळावरून फिरणाऱ्या चाकाला विरोध फारच कमी होतो. पण पोलादावर पोलादाची पकडही कमी असते, म्हणून आगगाडीला २० ला १ हा चढसुद्धा जड. बोरघाटात रेल्वेचा चढ जास्तीत जास्त ३७ ला १ ठेवला गेला. चढ सौम्य म्हणजे वाट लांब, आणि बैलासारखे आखूड वळण तर गाडीला घेताच येत नाही. त्यामुळे डोंगरच फोडावा लागला. जेम्स बर्कले या इंजिनियरच्या देखरेखीखाली पंचवीस बोगदे खणले गेले. एके ठिकाणी वळायला जागाच नव्हती. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने वर न्यायची सोय केली. हे स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले.

ऐन भरात, १८६१ मध्ये, या कामावर ४२ हजार मजूर होते. पटकीने त्यांतले असंख्य दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. रस्त्यावरची जड वाहतूक रेल्वेकडे वळू लागली.

घाट 'दिसू' लागला

घाटाचे सौंदर्य लोकांना कधी दिसू लागले? वंजाऱ्याला ते दिसत नसेल असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण बैल सांभाळत उतरणाऱ्याचे डोळे पायाखालच्या धोंड्यावर असतात. दरीकडे निवांत पाहायला थोडी फुरसत लागते आणि ओझे दुसऱ्या कोणी तरी वाहावे लागते. इंग्रज अधिकारी पालखीतून आणि घोड्यावरून घाट चढले, तेव्हा ती फुरसत त्यांच्याकडे होती. १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ग्रिंडले यांच्या चित्रसंग्रहात बोरघाटाचे चित्र आहे. माल्कम यांच्याच काळात महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले. खंडाळ्यात बंगले उठले. आपली नागफणी साहेबाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकासारखी दिसली आणि 'ड्यूक्स नोज' झाली.

विसाव्या शतकात मोटार आली आणि हीच फुरसत हळूहळू एसटीच्या खिडकीतून तुमच्याआमच्यापर्यंत पोहोचली. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करणारी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. या संस्थेच्या मानकांत डोंगरी रस्त्यासाठी नेहमीचा चढ २० ला १ दिला आहे आणि केसाच्या पिनेसारख्या वळणावर तो ४० ला १ हून अधिक नको असे म्हटले आहे. त्या काळी रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीने बैलगाड्या होत्या आणि मालाने भरलेल्या ट्रकची ओढही चढावर बेताचीच. बैलाची अट अशी मोटारीच्या जमान्यातही टिकली.

बैल गेला, वळणे राहिली

आता घाटातून बैल जवळजवळ नाहीसे झाले आहेत. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. खंडाळ्याजवळचा १८३० चा दगडी पूल, जाहिरातीच्या फलकामुळे ज्याला सगळे 'अमृतांजन पूल' म्हणत, त्याचे खांब या मार्गात अडचणीचे ठरत होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो पाडण्यात आला. बैलगाड्यांसाठी बांधलेला पूल १९० वर्षे उभा होता.

मी त्याबद्दल गळा काढणार नाही. ज्याला रुग्ण घेऊन मुंबई गाठायची आहे, ज्याच्या ट्रकमध्ये भाजी सुकते आहे, त्याला वळणांचे कौतुक सांगू नये. त्याला बोगदा हवा, आणि तो मिळायला हवा. माझी काळजी वेगळी आहे. जड वाहतुकीला दुसरा मार्ग मिळाल्यावरही जुने दुपदरी घाट आपण रुंद करत सुटतो. तीन अंशांचा अरुंद रस्ता डोंगराला थोडेच कापतो. तो रुंद करायचा म्हणजे आतल्या बाजूचा उतार आणखी उभा कापायचा आणि निघालेला राडारोडा बहुधा दरीत लोटायचा. आपल्या लाव्हाच्या थरांमध्ये मऊ, मातकट थर आहेत आणि घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आहे. पाणी त्या थरांत शिरले की वरचा भाग घसरतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला आणि दरडींनी बंद पडला. अशा पावसापुढे कोणताही रस्ता कमी पडेल. पण कापलेला उतार, बुजलेला चर आणि तुंबलेली मोरी हे काम सोपे करतात, एवढे तरी आपल्या हाती आहे. जुन्या घाटांना रुंदीपेक्षा पावसाळ्याआधी साफ झालेल्या मोऱ्यांची गरज जास्त आहे. वाहनांनी तिथे सावकाश जावे. तो रस्ता सावकाश जाण्यासाठीच आखलेला आहे.

यंदा सहलीला घाटातून जाणार असाल तर आधी वर्गात एक काम करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांस एक प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. घाटरस्त्यावर एक दोरा वळणे घेत नीट बसवा, मग सरळ करून मोजा. रस्त्याने किती रेषा ओलांडल्या ते मोजा. एका भागाकारात चढ मिळेल. नंतर पायथा आणि माथा पट्टीने सरळ जोडून पुन्हा चढ काढा आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहा.

मग घाटात बस कण्हायला लागली, की मुलांना बैलांची आठवण करून द्या. शिंग्रोबाशी एखादे नाणे टाकायलाही हरकत नाही.